घरी बनवलेल्या उतारगाडीला (इंजिनाशिवाय, फक्त उतारावरून धावणाऱ्या गाडीला) सायकलचे पुढचे चाक एका बाजूच्या आधारावर बसवता येईल का, आणि स्टिअरिंग कसे जोडावे?

सायकलचे चाक त्याच्या मूळ एक्सलसह एका बाजूच्या आधारावर बसवू नये. त्याऐवजी 12 किंवा 12.7 मिलिमीटर जाडीच्या एक्सलवर फिरणारी व्हीलचेअरची मागची चाके घ्यावीत, कारण ती मुळातच एकाच बाजूने आधार देण्यासाठी बनवलेली असतात. सायकलचा पुढचा एक्सल साधारण 9 मिलिमीटरचा असून तो फोर्कच्या दोन्ही पायांमध्ये पेलला जाईल हे गृहीत धरलेले असते. एक पाय काढून घेतला, की वळणावरचा आडवा भार आधाराच्या नटापाशी, जिथे आट्यांमुळे धातू आधीच कमी झालेला असतो, नेमका तिथेच एक्सल वाकवतो. स्टिअरिंग आर्म (चाक वळवणारे छोटे दांडे) असे तिरपे जोडावेत, की किंगपिन (ज्या उभ्या खिळीभोवती चाक वळते ती) आणि टाय रॉडचा (दोन्ही चाकांचे आर्म जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा) सांधा यांतून जाणारी रेषा मागच्या एक्सलच्या मध्याकडे जाईल. त्यामुळे आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळते आणि टायर घसटत नाहीत. टाय रॉडला बॉल जॉइंट (सर्व बाजूंना फिरणारा गोलाकार सांधा) आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असल्याने हादऱ्यांनी सैल न होणारे नट) लावावेत. येथे काटकसर मुळीच करू नये. मात्र उतार सौम्य आणि रस्ता जवळपास सरळ असेल, तर पुढची चाके बसवलेली, मध्यभागी एका बोल्टवर फिरणारी आडवी फळीही पुरते. फक्त ती ठरावीक कोनापलीकडे वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना अडथळे अवश्य ठोकावेत.