विटा पकवत नाहीत, भाजतात. आणि त्यांची ‘वीठ’ का झाली नाही

प्रश्न असा आहे: ‘मोहेंजोदडोवरच्या एका मराठी लेखात “पकवलेल्या विटा” असं वाचलं. हे बरोबर आहे का? वीट हा शब्द मूळचा कुठला? “वीट येणे” आणि “विठ्ठल” यांच्याशी त्याचं नातं आहे का?’

‘पकवलेल्या’ चूक आहे. हा हिंदीतल्या ‘पकाना’चा जसाच्या तसा उचललेला तर्जुमा आहे आणि हल्ली तो पाठ्यपुस्तकांच्या गाइडांपासून माहितीपटांच्या निवेदनापर्यंत सगळीकडे कानावर आदळतो. हिंदीत भातही पकतो आणि वीटही पकते. मराठीने ही दोन कामं केव्हाच वेगळी केली आहेत: पाण्यात घालून करतो ते शिजवणं, कोरड्या आचेवर करतो ते भाजणं. भाकरी भाजतात, मडकी भाजतात, विटाही भाजतात. त्याआधी विटा ‘बनवत’ नाहीत, पाडतात किंवा थापतात. न भाजता नुसत्या उन्हात वाळवलेल्या मोठ्या विटेला ‘भेंडा’ असा नेमका शब्द आहे. तो असताना ‘मातीच्या विटा’ कशाला लिहायचं? भाजलेली वीटही मातीचीच असते.

‘वीट येणे’ हा वेगळा शब्द. तो ‘विटणे’पासून आला, रंग विटतो, मन विटतं, आणि ज्याचा वीट येत नाही ते अवीट. विठ्ठल विटेवर उभा आहे, पण नाव विटेवरून पडलेलं नाही. ते विष्णूच्या कानडी रूपातून आलं हे मला जास्त पटतं. कर्नाटकातला होयसळ राजा विष्णुवर्धन याचंच दुसरं नाव बिट्टिदेव होतं, म्हणजे कानडीत ‘विष्णु’चं ‘बिट्टि’ झालेलं दिसतं.

आता खरी गंमत. कोश उघडला की ‘सं. इष्टका > प्रा. इट्टा > म. वीट’ अशी संस्कृत ते प्राकृत ते मराठी सरळ साखळी छापलेली दिसते आणि वाचणारा समाधानाने पान उलटतो. पण थांबून बघा. संस्कृतातल्या ‘ष्ट’चं मराठीत काय होतं? अष्टचं आठ, मुष्टीची मूठ, पिष्टाचं पीठ, मिष्टाचं मीठ, दृष्टीची दीठ, यष्टीची लाठी. प्रत्येक ठिकाणी ठ. मग इष्टकेची ‘ईठ’ किंवा ‘वीठ’ व्हायला हवी होती. ती मराठीत नाही. हिंदीत ईंट, पंजाबीत इट्ट, बंगालीत इट, तिकडेही ट.

ही खोच बाराव्या शतकातल्या हेमचंद्राला दिसली होती. त्याच्या प्राकृत व्याकरणात ‘ष्ट’चा ‘ठ’ होतो असा नियम आहे आणि त्याच सूत्रात तीन अपवाद गुंफले आहेत: उष्ट्र, इष्टा आणि संदष्ट. हवंसं या अर्थाच्या ‘इष्ट’चं तो ‘इट्ठ’ करतो, विटेचं मात्र ‘इट्टा’. विटेच्या चुऱ्यासाठी ‘इट्टाचुण्ण’ असं उदाहरणही देतो. संस्कृतात ‘इष्ट’ आणि ‘इष्टका’ एकाच मुळाचे दिसतात, पण प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी ते शेवटपर्यंत वेगळे राहिले. एका मुळाचे असते तर असे वेगळे का राहिले असते?

म्हणून इष्टका ‘यज्’ (यज्ञ करणे) या धातूवरून आली असं ठासून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधी सांगणारा वैदिक ग्रंथ म्हणतो की यज्ञ करून, म्हणजे ‘इष्ट्वा’, दिसल्या म्हणून त्या इष्टका. विटेला वेदीत मान देण्यासाठी ते सुंदरच आहे, पण ती व्युत्पत्ती नव्हे. ऋग्वेदात हा शब्दच नाही. तो येतो यजुर्वेदात, अग्निचयनाबरोबर, जिथे पाच थरांची, दर थरात २०० अशी १००० विटांची वेदी रचतात. विटेची गरज पडली तेव्हा शब्द आला. शिवाय तो एकट्या संस्कृतात नाही. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, ‘इश्त्य’ आहे. इराणमधल्या सूसा इथल्या दारयवहु (डरायस) राजाच्या शिलालेखात विटा बाबिलोनच्या लोकांनी पाडल्याची नोंद आहे, तिथे शब्द आहे ‘इश्ति’. आजच्या फारसीत खिश्त. या सगळ्यांना जोडणारा इंडो-युरोपीय धातू समाधानकारकपणे दाखवता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हा आधी विटा पाडणाऱ्यांचा शब्द होता. तो कारागिरांच्या तोंडी ‘इट्ट’सारखाच काहीतरी फिरत होता आणि पुरोहितांनी त्याला ‘ष्ट’ लावून संस्कृत कपडे चढवले. पालीत ‘इट्ठका’ आहे हा आक्षेप मला माहीत आहे. ते नियमाला धरून घडवलेलं रूप आहे असं मी मानतो. शब्द सिंधू खोऱ्यातलाच आहे असा दावा मात्र मी करत नाही. तिथली लिपी वाचली गेलेली नाही आणि तोवर असा दावा कुणीच करू नये.

मग मराठीत सुरुवातीचा ‘व’ कुठून आला? ओठचं ‘वठ’ होतं तसाच हा व, असं एक उत्तर दिलं जातं. ते टिकत नाही. ‘ओ’आधी व येतो कारण ओठ आधीच गोल झालेले असतात. ‘ए’ किंवा ‘ई’आधी यायचा तो य, एकचं ‘येक’ होतं, ‘वेक’ होत नाही. माझं म्हणणं असं: बोलींमध्ये ‘वि’चा ‘इ’ होतो. विळ्याचा इळा, विजेची ईज, विस्तवाचा इस्तू, विरजणाचं इरजण. असं सतत कानावर असलं की ‘शुद्ध’ बोलू पाहणारा ‘ईट’ ऐकूनही मागे व होता असं समजतो आणि तो चिकटवतो. पुरावा घरात आहे: विटेच्या तुकड्याला ‘इटकर’ म्हणतात आणि ‘विटकर’ही, रंगही इटकरी आणि विटकरी.

विटा पाडणाऱ्यांवर मी इतका भर का देतो ते सिंधू संस्कृतीची वीट हातात धरल्यावर कळतं. इ. स. पू. २६०० ते १९०० या नागरी काळात घराची नेहमीची वीट ७ × १४ × २८ सेंमी, तटबंदीची १० × २० × ४०. जाडी, रुंदी, लांबी १ : २ : ४. राजस्थानातल्या कालीबंगनला त्याआधीच्या थरात १० × २० × ३० ची, म्हणजे १ : २ : ३ ची वीट आहे. तीन पटीच्या विटेत दोन आखूड बाजू मिळून एक लांब बाजू भरत नाही, तुकडे तोडावे लागतात. चार पटीच्या विटेत एक थर लांब बाजूने आणि पुढचा आखूड बाजूने लावला की सांधमोड आपोआप होते, उभी चीर वरच्या थरात जात नाही. वीट कडेवर उभी केली तर दोन जाड्या मिळून एक रुंदी भरते. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा तळ, सुमारे १२ × ७ मीटर, अशा कडेवर लावलेल्या विटांचाच आहे. विटांमधले सांधे जिप्समने भरलेले, बाजूच्या भिंतींमागे डांबराचा थर. विहिरींसाठी वीट पाचरीसारखी, आतल्या टोकाला निमुळती. बाहेरची माती जितकी दाबते तितकी कडी घट्ट बसते.

आणि भाजण्यात काय बिघडतं? मातीत चिकण जास्त झाली तर वीट वाळतानाच तडकते. ओली वीट भट्टीत गेली तर आतल्या वाफेने फुटते. चुनखडीचा खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, मग महिन्याभराने पाणी शोषून फुगतो आणि पापुद्रा उडवतो. आच जास्त झाली तर वीट वितळून वाकडी होते, तिला खंगर म्हणतात. हे सांभाळत लाखो विटा एका मापात काढणाऱ्यांच्या कामाला ‘पकवणं’ म्हणू नये एवढंच माझं मागणं आहे.

मोहेंजोदडोवरच्या त्या लेखाच्या निमित्ताने आणखी एक: सगळी नगरं भाजलेल्या विटांची नव्हती. कालीबंगनची घरं कच्च्या विटांची, भाजलेल्या फक्त विहिरी, मोऱ्या आणि उंबऱ्यांना. गुजरातेतल्या धोलावीरात दगड. आपल्याकडे प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या, थरात एक दफन सापडलं, त्याच्या खड्ड्याला लावलेल्या विटा ३२ × १६ × ८ सेंमी. प्रमाण तेच १ : २ : ४, पण भट्टी न पाहिलेल्या. तिथे ‘भाजलेल्या’ लिहिलंत तरी चूकच ठरेल. त्यांना कच्च्या विटा म्हणा, नाहीतर सरळ भेंडे म्हणा.