कॉम्प्रेसरचा आवाज: पेटी बनवण्याआधी हे करा

डॉक्टर, दातांच्या दवाखान्यातला हवेचा कॉम्प्रेसर फार आवाज करतो म्हणून त्याला लगेच पेटीत कोंडू नका. आधी त्याची हवेची टाकी भरू द्या, रुग्णांच्या सगळ्या चेअर (त्यांची अवजारं याच हवेवर चालतात) बंद ठेवा आणि दाबाचा काटा बघत बसा. कोणी हवा वापरत नसताना मोटर पुन्हा सुरू झाली, तर कुठेतरी गळती आहे. साबणाचं पाणी लावून सांधे तपासा. मोटर उगाच चालणं थांबलं की आवाजही तेवढा वेळ थांबतो.

मग खाली जाड रबरी पॅड, आणि टाकीला लवचिक नळी. कडक पाइप सगळी थरथर भिंतीत उतरवतो. नुसता फोम चिकटवण्यात पैसे घालवू नका, आवाज अडवायला वजनदार आडोसा लागतो. पेटी करायचीच तर हवा खेळती हवी, पंखा हवा, नाहीतर मोटर तापून ट्रिप होईल, म्हणजे आपोआप बंद पडेल. आणि आवाज कमी म्हणून तेलवालं मशीन? रुग्णाच्या तोंडात जाणाऱ्या हवेसाठी मी तरी ऑइल-फ्रीच ठेवेन.