‘ऋण सोडले’ म्हणजे नेमकं काय सोडलं?

पत्र, थोडक्यात:

‘मी खडकीत राहते. वय ५८, नर्स म्हणून निवृत्त झाले. वडगाव शेरीच्या धाकट्या भावाला दुकानासाठी ४,००,००० रुपये दिले, त्याला दोन वर्षं आठ महिने झाले. मिस्टरांच्या आणि माझ्या नावावरची एफडी मोडली होती. ६०,००० परत आले, पुढे काही नाही. कागद केला नाही, परत द्यायची तारीखही ठरली नव्हती. आई त्याच्याकडेच असते, पण वर्षभरात मी त्याच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना “ऋण्यांस ऋण सोडले” इथे माझी जीभ अडते. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, सोडून दे, प्रभू तुला देईल. माझी मुलगी देव मानत नाही. तरी दर रविवारी आजीचा डबा घेऊन ती मामाकडे जाते, हसतखेळत बसते. वर्षातून तीनदा रक्तदान करते. विश्वासी मी, आणि क्षमा जमते तिला. मग माझ्या विश्वासाचा उपयोग काय? आणि पैसे सोडायचे का?’

ताई,

जीभ जिथे अडते तिथूनच सुरुवात करू. ती ओळ बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायातली आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ येशूच्या बोलीत, म्हणजे अरामीत, कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द चालायचा. आपल्या भाषांतरात ‘ऋण’ आलं, आणि ज्याचे खरोखर ३,४०,००० अडकलेत त्याला ते पासबुक वाचल्यासारखं ऐकू येणारच. पण प्रार्थना संपताच, १४ व्या वचनात, येशू स्वतः तिचा अर्थ उलगडतो आणि तिथे शब्द येतो ‘अपराध’. भावाने फोन उचलला नाही, नाताळात नजर चुकवली, ताई काय, सांभाळून घेईल असं धरून चालला, हे सगळं मनातलं येणं. ते सोडायचं आहे, त्याने मागितलं नाही तरी. पैशाचं येणं हे दुसरं खातं.

ही दोन खाती एक केली की घोळ होतो. पैसे सोडणं परवडत नाही म्हणून माणूस रागही धरून बसतो. किंवा चार लोकांच्या दडपणाखाली पैसे सोडतो आणि राग तसाच आत मुरत राहतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण वरून सगळं मिटल्यासारखं दिसतं.

क्षमा किती वेळा करायची, यावर येशूने दिलेलं उत्तर ‘सत्तर वेळा सात’ तुम्हाला ऐकवलं जात असेलच. त्याच्याच पुढचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, कोणी सांगत नाही, तो आज रात्री शांतपणे वाचा, मत्तय १८, वचन २३ पासून. राजा आधी हिशेब मागतो. आकडा उघड होतो, दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची कमाई. कुणाच्याच हातून न फिटणारं कर्ज, आणि राजा ते सोडतो. तोच नोकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. शंभर दीनार म्हणजे सव्वातीन महिने राबणं, ही काही चिल्लर नव्हे. तुमचं येणं क्षुल्लक आहे असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. राजा संतापतो तो त्या धरलेल्या गळ्यामुळे. आणि क्षमेच्या आधी आकडा बोलून दाखवायचा असतो, हे मला या दाखल्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘जाऊ दे, काही झालंच नाही’ असं म्हणून विषय गाडला तर क्षमा कशाची केली ते तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही.

आता मुलगी. तिला जमतं ती माया आहे, आणि ती फार मोलाची आहे, पण तिला क्षमा म्हणू नका. तिचे पैसे गेलेले नाहीत. ज्याचं गेलं त्यानेच सोडायचं असतं. तेव्हा तिच्याशी स्वतःची तुलना करून कष्टी होणं थांबवा.

चांगुलपणाला विश्वास लागतो का? मदतीचा हात पुढे करायला लागत नाही, आणि हे शास्त्रातच आहे. लूकच्या १० व्या अध्यायात जखमी माणसाला टाळून याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, पुढे जातात. थांबतो तो शोमरोनी, ज्याचा धर्म यहुद्यांच्या लेखी चुकीचा होता. तो तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दोन दीनार ठेवून सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. मत्तय २५ मधल्या नीतिमानांना तर आपण कोणाला जेवू घातलं याचाही पत्ता नसतो. येशूचा प्रेषित पौल यानेही रोमकरांना लिहिलं, ज्यांच्याकडे मोशेचं नियमशास्त्र नाही तेही त्यातलं स्वभावतः करतात. आपल्या पुण्यातलंच बघा. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ मुली आणि विधवांना आसरा दिला, तो विश्वासापोटी. देवाला निवृत्त करा असं उघड म्हणणारे डॉ. श्रीराम लागू सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करत गावोगाव फिरले, कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. मुलीच्या रक्ताच्या पिशवीवर रक्तगट, नंबर आणि मुदतीची तारीख असते. ते कोणाला चढलं हे तिला कळत नाही, घेणाऱ्याला तिचं नाव कळत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे याहून चोख कसं पाळणार?

तुमच्या विश्वासाचा उपयोग विचारलात. दर रविवारी ते वाक्य तुमच्या तोंडाशी येतं आणि ते खोटं म्हणणं तुम्हाला जमत नाही. एवढा मोठा उपयोग डोळ्यांसमोर असताना तुम्ही त्यालाच अपयश समजताय. जीभ अडली की त्या क्षणी एवढंच म्हणा, ‘राग सोडला, आजच्यापुरता.’ पुढच्या रविवारी तो परत आलेला असेल. परत सोडा. सत्तर वेळा सातचा हिशेब अशा एकाच जुन्या दुखण्यालाही लागू पडतो.

आता पैसे.

सगळ्यात आधी मिस्टरांशी बोला. एफडी दोघांची होती, तेव्हा त्यांच्या वाट्याची क्षमा तुम्ही परस्पर वाटू शकत नाही. मग दोघांनी मिळून एक आकडा ठरवा, जो गेला तर औषधपाण्याला अडणार नाही. पौल करिंथकरांना दानाबद्दल लिहिताना स्पष्ट म्हणतो की दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओढाताण असं त्याला नको आहे. समजा १,००,००० सोडणं झेपतं. उरले २,४०,०००, महिना ५,००० प्रमाणे ४८ हप्ते. काहीच न सोडता याच हप्त्याने घेतले तर ६८ महिने लागतील. ‘प्रभू तुला देईल’ या हिशेबावर मात्र एक रुपयाही सोडू नका. परत मिळण्याच्या आशेने दिलेलं दान नव्हे, ती गुंतवणूक.

उशीर करू नका, याला कायद्याचं कारण आहे. परतीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्या पैशांसाठी दावा लावायची मुदत पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षं असते. तुमच्या हातात चार महिने आहेत. या मुदतीच्या आत भावाने ‘इतके बाकी आहेत’ असं लिहून तारखेसह सही केली तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजतात. ६०,००० ची बँकेत नोंद आहे, पण नुसत्या तिच्यावर विसंबू नका, सहीचा कागद हवा. मजकूर एकदा वकिलाला दाखवून घ्या. सोडलेली रक्कमही त्यात लिहा, म्हणजे पुढे भांडणात ती तुमच्याच तोंडून बाहेर येणार नाही. सख्ख्या बहिणीने सोडलेल्या पैशांवर भावाला आयकर लागत नाही. परतफेड बँकेतूनच घ्या. कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं भाऊ म्हणेल. आकडा लिहिलेला असला की तो दोघांच्याही डोक्यात रोज घोळत नाही, असं त्याला सांगा.

बोलायला कसं जायचं हेही मत्तय १८ मध्येच आहे: आधी दोघंच, एकांतात. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घ्या, दोघांनाही मान असलेला एखादा काका किंवा मामा. मंडळी त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम हमखास उलटा होतो. प्रार्थनासभेत ‘माझ्या भावाच्या कर्जासाठी प्रार्थना करा’ अशी विनंती जाते आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट वडगाव शेरीला पोचते. मग तो हप्ता सोडाच, फोनही उचलत नाही. फॅमिली ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. आईसमोर विषय काढू नका. वाक्य साधं असू द्या: ‘तीन चाळीस बाकी आहेत. एक लाख आम्ही सोडलेत, ते परत काढणार नाही. बाकीचे तुला महिन्याला किती जमतील?’ आणि मग गप्प बसा. त्याने २,००० म्हटलं तरी लिहून घ्या.

तो सरळ नाही म्हणाला तर? तरी मनातला राग सोडता येतो, आणि तरीही वकिलाची नोटीस पाठवता येते. ओडिशात १९९९ च्या जानेवारीत कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि ती सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. म्हणून ग्लॅडिस यांची क्षमा खोटी ठरत नाही. पुन्हा उसने देऊ नका, तेवढं भान क्षमेतही ठेवावं लागतं.

आईकडे जाण्यासाठी मात्र हिशेब मिटायची वाट बघू नका. तिचं यात काही देणं नाही. या रविवारी मुलगी डबा घेऊन निघेल तेव्हा तिच्या मागे गाडीवर बसा. त्या दिवशी पैशांचं बोलू नका. भावाने दार उघडलं तर ‘कसा आहेस’ एवढं विचारा, आणि आईजवळ जाऊन बसा.