मुरघासाचं एकच सॅम्पल एनआयआरवर (जवळच्या अवरक्त प्रकाशाने घटक मोजणारं मशीन) दोनदा लावलं की प्रोटीन वेगवेगळं का येतं?

मशीनला दोष द्यायच्या आधी सॅम्पल बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. मुरघासात पान, दांडा, दाणे सगळं एकत्र, त्यामुळे वरवरची एक मूठ उचलली तर ती मूठ म्हणजे अख्खा खड्डा नाही, चार-पाच ठिकाणांहून घ्या, नीट मिसळा, ढीग करून चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत कमी करत आणा.

मग वाळवणं. ओव्हन साधारण 60 अंशांवर ठेवा, लवकर व्हावं म्हणून 100 च्या वर नेऊ नका प्लीज, प्रोटीन आणि साखर एकमेकांत करपतात आणि स्पेक्ट्रमच (कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) बदलतो. पाणी 1450 आणि 1940 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश इतका जोरात शोषतं की ओलावा कमीजास्त झाला की बाकीचे आकडे पण हलतात. (वाळवताना मुरघासातली उडून जाणारी आम्लं थोडी जातातच, ते लक्षात असू द्या.)

दळायला 1 मिमीची जाळी चालते, पण खरी गोष्ट ही की कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या सॅम्पलवरून मशीनला आकडे शिकवणं) ज्या जाळीवर, ज्या गिरणीवर झालंय तीच वापरायची, कारण कण जाड झाले की प्रकाश वेगळा विखुरतो आणि एसएनव्ही (विखुरण्याचा फरक कमी करणारी गणिती दुरुस्ती) लावून सुद्धा सगळं भरून निघत नाही. दळलं की गरम असतं, बंद डब्यात रूम टेंपरेचरला येऊ द्या. मशीनमध्ये ठेवायचा सॅम्पलचा कप दरवेळी सारखाच दाबून भरा, काच पुसा, आणि रिकामा करून परत भरून दोन-तीन स्कॅन घ्या, सरासरी धरा.