चिलखताआधी आतला अंगरखा
१५व्या शतकातील मिलानच्या घडणीचे चिलखत करून घेण्याचे तुम्ही ठरवले आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र कारागिराला मापे देण्यापूर्वी चिलखताखालचा अंगरखा शिवून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. हातापायांचे पत्रे मेण लावलेल्या दोरांनी याच अंगरख्याला बांधले जातात, त्यामुळे तो कमरेला घट्ट बसला नाही, तर पायांच्या पत्र्यांचा भार खांद्यांवर ओढला जातो आणि मुंढा नीट बेतलेला नसेल, तर तलवार डोक्यावर उचलणेही अवघड होते. पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलो भरते. एवढे वजन केवळ खांद्यांनी पेलू नये. अंगरख्यात जाड भरण घालण्याचा मोह टाळावा, कारण अंगावर घट्ट बसणारे लिननचे दुहेरी कापड अधिक उपयोगी पडते. शिरस्त्राणाचे अस्तर मात्र जाडच हवे. तेथे काटकसर मला मुळीच मान्य नाही. चिलखताची मापे हा अंगरखा घालूनच द्यावीत. नमुन्यासाठी इटलीतील मांतोव्हाच्या धर्मप्रांतीय संग्रहालयातील चिलखते पाहावीत. ती त्याच शतकातील आहेत.