‘पर्यंत’, ‘पासून’ आणि कांद्याचे भाव : इंग्रजीतील फसव्या जोड्यांची प्रश्नोत्तरे

आयईएलटीएस, पीटीई यांसारख्या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या नाशिक परिसरातील वाचकांचे या वेळचे प्रश्न एकत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. ज्या दोन इंग्रजी शब्दांमध्ये आपण अडखळतो, त्या दोहोंसाठी मराठीत पुष्कळदा एकच शब्द असतो. आणि गंमत अशी की, त्यांतला फरक ओळखण्याची खूणही बहुतेक वेळा मराठीतच सापडते. म्हणून खालील उत्तरांत मी शब्दकोशाआधी मराठीकडे वळलो आहे.

प्रश्न (निफाड) : आलेखाचे वर्णन लिहिताना ‘राइझ’ आणि ‘रेझ’ यांत माझी नेहमी चूक होते. शिवाय आकड्यापूर्वी ‘बाय’ लिहावे की ‘टू’, हेही ठरवता येत नाही.

उत्तर : पहिली अडचण सोपी आहे, कारण मराठीत ती आधीच सुटलेली आहे. ‘वाढणे’ म्हणजे ‘राइझ’ आणि ‘वाढवणे’ म्हणजे ‘रेझ’. भाव वाढले, तर ‘रोझ’. व्यापाऱ्याने भाव वाढवले, तर ‘रेझ्ड’. आलेखात वाढवणारा माणूस सहसा दिसत नाही, नुसती रेषा वर जाताना दिसते. त्यामुळे पहिल्या लेखनप्रश्नात आपल्याला जवळजवळ नेहमी ‘राइझ’च लागणार आहे. ‘वॉज रोझ’ ही मात्र उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणारी चूक आहे. ‘राइझ’ला कर्म नसते, त्यामुळे त्याचा कर्मणी प्रयोग होऊच शकत नाही.

‘बाय’ आणि ‘टू’ यांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण तिथे चूक झाली की वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते आणि माहिती खोटी ठरते. तुम्ही निफाडचे आहात, तेव्हा उदाहरण कांद्याचेच घेऊ. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के केले. आता मराठीत दोन वाक्ये म्हणून पाहा : ‘शुल्क २० टक्क्यांवर आले’ आणि ‘शुल्क २० टक्क्यांनी कमी झाले’. पहिल्यातला ‘वर’ म्हणजे ‘टू’, दुसऱ्यातला ‘नी’ म्हणजे ‘बाय’. पोहोचण्याचे ठिकाण सांगायचे असेल तर ‘टू’, मधले अंतर सांगायचे असेल तर ‘बाय’. क्रियापदाऐवजी नाम वापरले, तर अंतरासाठी ‘बाय’च्या जागी ‘ऑफ’ येतो : ‘अ फॉल ऑफ...’

इथेच आणखी एक खड्डा आहे. चाळीसचे वीस झाले, म्हणजे शुल्क किती टक्क्यांनी घटले? काटेकोरपणे पाहिले तर ५० टक्क्यांनी, कारण ते निम्मे झाले. चाळीस आणि वीस या दोन टक्केवारींमधले जे वीसचे अंतर आहे, त्याला इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट’ म्हणतात. रोजच्या मराठीत आपण दोन्हींना ‘टक्के’ म्हणून मोकळे होतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भाने कळतेही. परंतु परीक्षेतला आलेख टक्केवारीचा असेल आणि तुम्ही ‘फेल बाय ट्वेंटी पर्सेंट’ लिहिले, तर आकडा चुकीचा वाचल्यासारखे दिसेल. नेमका शब्द आयत्या वेळी आठवला नाही, तर ‘फ्रॉम फॉर्टी टू ट्वेंटी पर्सेंट’ असे लिहावे. त्यात चुकायला जागाच उरत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवा की आकड्यानंतर ‘पर्सेंट’ येते आणि आकडा नसेल तिथे ‘पर्सेंटेज’.

प्रश्न (नाशिकरोड) : ‘बाय फाइव्ह’ आणि ‘अंटिल फाइव्ह’ या दोन्हींचा अर्थ ‘पाच वाजेपर्यंत’ असाच आहे ना? मग फरक कुठे पडतो?

उत्तर : फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने परदेशी मुलाखतीची वेळ ठरवताना ‘मी सहा वाजेपर्यंत मोकळा आहे’ या अर्थी ‘आय ॲम फ्री बाय सिक्स’ असे कळवले. पलीकडच्या माणसाने त्याचा बरोबर अर्थ, म्हणजे ‘सहानंतर मोकळा’ असा, लावून सव्वासहाला फोन केला, तेव्हा हे चिरंजीव गर्दीच्या सिटी बसमध्ये द्वारका चौकात अडकलेले होते.

मराठीत ‘सीबीएसवर (म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर) पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘सीबीएसवर पाच वाजेपर्यंत पोहोच’ ही दोन्ही वाक्ये बिनचूक आहेत. थांबण्याची क्रिया पाचपर्यंत सलग चालू राहते, म्हणून तिथे ‘अंटिल’. पोहोचण्याची क्रिया एकदाच घडते आणि पाच ही तिची शेवटची मर्यादा असते, म्हणून तिथे ‘बाय’. शंका आली की ‘पर्यंत’ काढून ‘पाचच्या आत’ घालून पाहावे. ‘पाचच्या आत पोहोच’ हे सहज बसते, तेव्हा ‘बाय’. ‘पाचच्या आत थांब’ हे कानाला खटकते, तेव्हा ‘अंटिल’.

नकारार्थी वाक्यात मात्र अधिक सावध राहावे लागते. ‘तो पाच वाजेपर्यंत आला नाही’ या मराठी वाक्यात तो पुढे आला की नाही, हे उघड राहते. इंग्रजीत ‘ही डिडन्ट कम अंटिल फाइव्ह’ म्हटले, की तो पाचला आला असा अर्थ होतो. पाच वाजून गेले तरी त्याचा पत्ता नव्हता, एवढेच सांगायचे असेल, तर ‘ही हॅडन्ट कम बाय फाइव्ह’ असे म्हणावे लागते.

‘पर्यंत’चा विषय निघाला आहे, तर त्याच्या भावंडाचाही, म्हणजे ‘पासून’चाही उल्लेख करतो, कारण ‘सिन्स थ्री इयर्स’ ही चूक बोलण्याच्या परीक्षेत मी सर्वांत जास्त ऐकतो. ‘तीन वर्षांपासून’ हे ‘गेली तीन वर्षे’ असे बदलता येते, म्हणून तिथे ‘फॉर’. ‘२०२१ पासून’ हे ‘गेली २०२१’ असे बदलता येत नाही, म्हणून तिथे ‘सिन्स’. या कसोटीने मला अजून दगा दिलेला नाही.

प्रश्न (सातपूर) : ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ यांतले नाम कोणते आणि क्रियापद कोणते, हे पाठ करूनही विसरते. ‘लूस’ आणि ‘लूझ’ यांचेही तसेच होते.

उत्तर : पाठ करू नका, ऐका. पहिल्या जोडीत नामाच्या शेवटी ‘स’ ऐकू येतो आणि क्रियापदाच्या शेवटी घुमणारा ‘झ’. ही एकट्या जोडीची लहर नाही. ‘यूस’ म्हणजे वापर, ‘यूझ’ म्हणजे वापरणे. ‘हाउस’ म्हणजे घर, ‘हाउझ’ म्हणजे घरात ठेवणे. ‘प्रूफ’ म्हणजे पुरावा, ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणे. नाम कोरडे आणि क्रियापद घुमणारे, हा धागा अनेक जोड्यांतून जातो. ‘प्रॅक्टिस’ला मात्र तो लागू नाही : तिथे उच्चार एकच असतो आणि ब्रिटिश लेखनात नामाला ‘सी’ व क्रियापदाला ‘एस’ येतो, तर अमेरिकन लेखनात दोन्हीकडे ‘सी’च येतो. आयईएलटीएसमध्ये दोन्ही पद्धती चालतात, फक्त एकाच उत्तरात त्यांची सरमिसळ करू नये.

‘लूस’ म्हणजे सैल आणि ‘लूझ’ म्हणजे हरवणे किंवा हरणे. इथे आपल्याला आपल्याच सवयीने दगा दिला आहे. मराठीत आपण सैल नटबोल्टलाही ‘लूज’ म्हणतो आणि पोट बिघडले तरी ‘लूज मोशन’च म्हणतो, त्यामुळे मूळचा ‘स’ कानावरून कधी गेलेलाच नसतो. तसा मराठी माणसाचा कान तिखट असतो. पृथ्वी या अर्थाचे ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ आपण लिहितो सारखे, पण बोलताना कधी गफलत करत नाही. तोच कान इथे लावायचा आहे.

जाता जाता एक सूचना : मराठीत ‘सल्ले’ होतात, इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही.

प्रश्न (सिडको) : ऐकण्याच्या चाचणीत ‘स्टेशनरी’चे स्पेलिंग चुकल्यामुळे माझा गुण गेला. ‘ए’ कुठे आणि ‘ई’ कुठे?

उत्तर : गुण जाणारच, कारण त्या चाचणीत स्पेलिंग चुकले की उत्तर चूक धरतात. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी; म्हणून वह्या-पेनांच्या ‘स्टेशनरी’त ‘ई’, आणि ‘स्थिर’ या अर्थाच्या शब्दात ‘ए’. दोन्हींचे मूळ मात्र एकच आहे. मध्ययुगीन युरोपात गावोगाव फिरून माल विकणाऱ्यांच्या तुलनेत एका जागी दुकान थाटून बसणारा पुस्तकविक्रेता तो ‘स्टेशनर’. मेन रोडवरचा गाळा आणि त्याच्यासमोरची हातगाडी डोळ्यांपुढे आणली, की दोन्ही अर्थ एकदम लक्षात राहतात.

प्रश्न (पंचवटी) : ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ हे दोन्ही ‘ऐतिहासिक’च ना?

उत्तर : इतिहास घडवणारे ते ‘हिस्टॉरिक’, इतिहासाशी संबंधित ते ‘हिस्टॉरिकल’. तुमच्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह ही ‘हिस्टॉरिक’ घटना आहे. त्या काळातली एखादी साधी पावती ‘हिस्टॉरिकल’ कागद ठरेल. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे किफायतशीर. ही जोडी याहून सोपी आहे.

प्रश्न (सिन्नर) : ‘बॉरो’ आणि ‘लेंड’?

उत्तर : उसने घेणे म्हणजे ‘बॉरो’, उसने देणे म्हणजे ‘लेंड’. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक नेणारा सभासद ‘बॉरो’ करतो आणि वाचनालय ‘लेंड’ करते. ‘बॉरो’नंतर ‘फ्रॉम’ येतो, ‘लेंड’नंतर ‘टू’. ‘सर, कॅन यू बॉरो मी युअर पेन’ हे वाक्य माझ्या वर्गात आठवड्यातून एकदा तरी कानी पडते. पेन मी देतो, पण ‘लेंड’ म्हटल्यावरच.