सव्वानऊचा फोन

"मुलगी नोकरी आणि लहान मुले यांच्यात पिचून चालली आहे, आम्ही इथे बसून काय करायचे?" हा प्रश्न घेऊन सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात त्या बहुधा आयाच. म्हणूनच एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक काका एकटेच समोर येऊन बसले, तेव्हा मला नवल वाटले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांची लेक पुण्यात हिंजवडीला नोकरी करते आणि तिला पाच वर्षांचा मुलगा व दीड वर्षाची मुलगी आहे.

काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. जन्मभर वेबिल, म्हणजे वाहकाचा तिकीट-हिशेबाचा तक्ता, भरलेला तो हात लेकीच्या दमणुकीचीही नोंद ठेवत होता : "सोमवार, ९.१५. आवाज बसलेला. जेवली का – नंतर." "मंगळवार, ९.१५. उचलला नाही." "बुधवार, ९.१५. चाळीस सेकंद."

"पोरगी पार वाळून गेली की, मॅडम. नोकरी सोड म्हटलं, तर दोन दिवस बोलली नाही."

"काका, सव्वानऊला तिच्या घरात काय चाललेलं असतं?"

मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असे पुण्यापर्यंतचे सगळे थांबे ज्यांना तोंडपाठ होते, त्या काकांना याचे उत्तर देता आले नाही. पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी ते लेकीलाच विचारावे, तेही फोन न करता दुपारी निरोप पाठवून, एवढेच आमचे ठरले.

लेकीचे उत्तर आले : "अण्णा, तेव्हा मी छोटीला झोपवत असते. फोन वाजला की ती उठते." मग आणखी एक गोष्ट उघड झाली. काका दर पंधरवड्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे पार्सल बसने पाठवत असत आणि ते घेण्यासाठी कामावरून सुटल्यावर लेकीला स्वारगेटपर्यंत जावे लागे. माया खरी होती, पण तिचा हमाल लेकच होती. हे ऐकून काका बराच वेळ डायरीचे रबर ओढत राहिले.

"नोकरी सोड" या सल्ल्याबद्दल मी जरा कठोरच बोलले. घराचा हप्ता, वर्षांची मेहनत, स्वतःची ओळख हे सारे त्या दोन शब्दांत मोडीत निघते आणि दमलेल्या माणसाला त्यात काळजी नव्हे, तर 'तुला जमत नाही' एवढेच ऐकू येते. शिवाय हाच सल्ला जावयाला का दिला नाही, असे विचारल्यावर काका हसले आणि म्हणाले, "जावयाला कसं सांगायचं?" जावयाला 'सांगू' नयेच, मात्र "मुलांचं तुम्ही दोघं कसं बसवता?" असे सहज विचारता येते आणि त्या 'दोघं'ला वजन असते.

काकांच्या मनात डिप्रेशनची भीती होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये 'बर्नआउट' ही कामाशी जोडलेली अवस्था असल्याचे म्हटले आहे, आजार नव्हे. सततचा थकवा, कामाविषयी तुटलेपण आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना तिच्यात दिसते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, मुलांतही जीव रमत नसेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जायला हवे. मरणाची भाषा तोंडी आली, तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो. लेकीच्या बाबतीत अशी लक्षणे दिसत नव्हती. ती दमली होती, इतकेच.

मग काकांनी तिला विचारले, "तुझं कोणतं एक काम मी घेऊ?" महिनाभर येऊन राहा, असे ती म्हणेल अशी त्यांची अटकळ होती. तिने मागितली संध्याकाळची वीस मिनिटे : साडेसातला व्हिडिओ कॉलवर नातवाला गोष्ट सांगायची, म्हणजे तिला स्वयंपाक उरकता येईल.

लेकीचे ऑफिस तेच आहे आणि कामाचे तासही फारसे घटलेले नाहीत. भाकरी-चटणी आता काका पुण्याला जातात तेव्हा स्वतःच नेतात. गड्ड्याची जत्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संपल्यावर ते पुन्हा आले, तेव्हा डायरीत ताजी नोंद होती : "बुधवार, ७.३०. माकड-मगर, तिसऱ्यांदा. बावीस मिनिटं. मागून कुकरच्या तीन शिट्ट्या."